पिवळा लट्टू गेल्यावर, एलईडी येण्याआधी

जुन्या इंदूरवर लिहायचं म्हटलं की आपण सगळे राजवाडा, सराफा आणि मिलच्या झांक्यांपासून सुरुवात करतो. आज जरा अलीकडची गोष्ट सांगतो, पण तीसुद्धा पार संपलेली आहे. आपल्या घरातले सीएफएल! साधारण 1998 ते 2015, म्हणजे सतरा-अठरा वर्षं त्यांचं राज्य होतं. आज नातवंडांना ही तीन अक्षरंही ठाऊक नाहीत.

मूळ शोध आपल्याकडचा नाही. 1973 च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत वीज वाचवण्याची धडपड सुरू झाली. जनरल इलेक्ट्रिकचे इंजिनिअर एडवर्ड हॅमर यांनी 1976 मध्ये ट्यूबलाइटच पिळून तिचं वेटोळं केलं. पण ते बनवायला नवी यंत्रसामग्री लागणार, खर्च फार, म्हणून कंपनीने ते बाजूला ठेवलं. 1980 मध्ये फिलिप्सने नेहमीच्या होल्डरमध्ये बसेल असा दिवा बाजारात आणला. त्यात जुन्या धाटणीचा चोक असल्याने तो वजनदार होता. 1985 मध्ये ओसरामने इलेक्ट्रॉनिक चोक घातला. मग वजन उतरलं आणि लुकलुकही थांबली.

आपल्याकडे पोचेपर्यंत आणखी दहा-बारा वर्षं गेली. तेव्हा आम्ही रामबागेत दोन खोल्यांत राहत होतो. साठचे चार लट्टू आणि एक ट्यूब, एवढाच थाट. चांगल्या कंपनीचा सीएफएल तीनशेच्या घरात आणि लट्टू दहा रुपयांत, तेव्हा घरात वाद होणारच. वडील म्हणाले, "तीनशेचा दिवा? संस्थानिक झालास का रे?" मी कॉमर्सवाला, कागद पुढे ओढला. साठऐवजी पंधरा वॉट, म्हणजे पंचेचाळीसची बचत. रोज पाच तास धरले तर महिन्याला पावणेसात युनिट. युनिटला तीन रुपये धरले तर वीस रुपये. पंधरा महिन्यांत पैसे वसूल, आणि दिवा चालणार सहा हजार तास. लट्टू हजार तासांत संपतो. वडिलांनी हिशेब दोनदा तपासला आणि म्हणाले, "एकच आण. आईच्या खोलीत लाव."

पण इंदूरात सीएफएल खरा रुजला तो काटकसरीपायी नव्हे, अंधारापायी. 1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड वेगळं झालं. कोरब्याची वीजकेंद्रं तिकडे गेली, शहरं आणि शेतीचे पंप इकडे राहिले. पुढची तीन-चार वर्षं कशी काढली ते तुम्हाला आठवत असेलच. लाइट कधी जाईल नेम नाही, आणि असली तरी संध्याकाळी व्होल्टेज एवढं पडायचं की पंखा पाती मोजता येतील असा फिरायचा. ट्यूबचा स्टार्टर नुसता टिकटिक करायचा, ट्यूब पेटायची नाही. लट्टूची तार लालसर दिसायची. सीएफएल मात्र आतल्या इलेक्ट्रॉनिक चोकमुळे पेटायचा, थोडा मंद का होईना. 2003 ची विधानसभा निवडणूक 'बिजली, सडक, पानी' यावर लढली गेली आणि सरकार बदललं.

त्याच वर्षी आमच्या मोठ्या मुलीची दहावी होती. घरात एका बॅटरीचा इन्व्हर्टर घेतला. चार लट्टू आणि एक पंखा म्हणजे तीनशे वॉटच्या वर. चार सीएफएल आणि तोच पंखा म्हणजे एकशेतीस. तीच बॅटरी दुपटीहून जास्त वेळ पुरायची. अख्खी गल्ली काळोखात असताना पोरगी टेबलाशी बसलेली असायची, आणि शेजारच्या जोशीकाकूंची दोन मुलंही सतरंजी घेऊन यायची. तिघंही चांगल्या मार्कांनी पास झाली. श्रेय त्यांचंच, पण चार दिव्यांचंही थोडं मानायला हवं.

आईची गोष्ट वेगळी. तिला मोतीबिंदू झालेला आणि ऑपरेशनला ती तयार नव्हती. पिवळ्या उजेडात पोथीची अक्षरं चिकटलेली दिसतात म्हणायची. पांढरा सीएफएल लावला आणि संध्याकाळचं वाचन परत सुरू झालं. तो पेटल्यावर आधी मिणमिणायचा, पूर्ण तेजात यायला मिनिटभर लागायचं. तेवढ्यात ती हात जोडून 'शुभं करोति' म्हणून घ्यायची. पुढे ऑपरेशन झालं, पण दिव्याची जागा तिने बदलू दिली नाही.

सुरुवातीचे दिवे दोन-तीन दांड्यांचे, नंतर वेटोळ्याचे आले. त्यांना आमच्याकडे 'जिलबी' म्हणत. स्वस्त बिननावाचे मालही खूप आले. एका दुकानदाराने वर्षाच्या वॉरंटीचा म्हणून दिलेला दिवा तीन महिन्यांत काळा पडला आणि त्याने बदलून द्यायला साफ नकार दिला. तेव्हापासून प्रत्येक दिव्याच्या पांढऱ्या बुडावर बॉलपेनने खरेदीची तारीख लिहायची शिस्त घरात लागली. तुमच्याकडेही हेच असणार.

2009 मध्ये केंद्राची 'बचत लॅम्प योजना' आली. लट्टू द्या आणि पंधरा रुपयांत सीएफएल न्या. उरलेली किंमत कार्बन क्रेडिट विकून भरून काढायची. केरळसारख्या राज्यांत ती मोठ्या प्रमाणावर झाली. पण पुढे जगाच्या बाजारात कार्बन क्रेडिटचे भावच कोसळले. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला ही योजना फार आवडली होती. तारण म्हणून वाचवलेला धूर!

मग 5 जानेवारी 2015 ला एलईडीची योजना आली, तिचंच नाव पुढे 'उजाला' पडलं. 2014 मध्ये सरकारी खरेदीत 310 रुपयांना असलेला एलईडी दोन-तीन वर्षांत 38 वर आला. देशभर छत्तीस कोटींहून अधिक वाटले गेले. सीएफएलचा निभाव लागणं शक्यच नव्हतं. एलईडी कमी वीज खातो, लगेच पेटतो, आणि मुख्य म्हणजे त्यात पारा नाही.

हा पारा विसरू नका. एका सीएफएलमध्ये जेमतेम तीन ते पाच मिलिग्रॅम असतो, पण असतो. मिनामाता करारानुसार तीस वॉटपर्यंतच्या घरगुती सीएफएलचं उत्पादन 2025 पर्यंत बंद करायचं ठरलं. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या माळ्यावर मेलेले दिवे खोक्यात पडून असतील. ते फोडू नका, ओल्या-सुक्यात टाकू नका. आपल्या इंदूरच्या कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा आहे, तिथे कागदात गुंडाळून द्या. फुटलाच तर आधी खिडक्या उघडा, झाडू लावू नका, जाड पुठ्ठ्याने काचा गोळा करा.

मी माझे अकरा दिवे मागच्या आठवड्यात दिले. आईच्या खोलीतल्या दिव्यावर वडिलांच्या अक्षरात तारीख होती, 14-11-99. तो मात्र अजून कपाटात आहे.