हवेच्या पिस्तुलाची स्पर्धापूर्व सिद्धता : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : मीरा-भाईंदर व मुंबई परिसर)

प्रस्तावना

क्रीडेच्या इतिहासलेखनात खेळाडूंची नावे, पदके आणि विक्रम यांना जेवढे स्थान मिळते तेवढे खेळाच्या साधनांना मिळत नाही. नेमबाजीच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते, कारण येथे साधन हे मूलतः शस्त्र आहे. या शस्त्राचे क्रीडासाधनात रूपांतर तीन मार्गांनी झाले. शासनाच्या कायद्याने त्याची मर्यादा ठरवली, स्पर्धेच्या नियमांनी त्याचे माप ठरवले आणि खेळाडूच्या हातकामाने त्याला त्या मापात बसवले. नवोदित नेमबाज आपल्या पहिल्या स्पर्धेत साधन-तपासणीच्या टेबलावर पिस्तूल ठेवतो, तेव्हा या तिन्ही गोष्टी एकत्र आलेल्या असतात.

नेमबाजीचे दार सामान्य कुटुंबातील मुलांसाठी उघडले ते प्रामुख्याने हवेच्या पिस्तुलामुळे व रायफलमुळे. परंतु दार उघडणे आणि आत गेल्यावर समान पातळीवर उभे राहणे या भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील अंतर पिस्तुलाच्या सिद्धतेत कसे दिसते, हे प्रस्तुत लेखात मीरा-भाईंदर व लगतच्या मुंबईच्या संदर्भात पाहावयाचे आहे.

शस्त्रकायदा आणि क्रीडेची वाट

१८७८ मध्ये लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत संमत झालेल्या शस्त्रकायद्याने भारतीयांना परवान्याविना शस्त्र बाळगण्यास मनाई केली, तर युरोपियनांना त्यातून सूट दिली. परिणामी निशाणबाजी हा छंद संस्थानिक, सैन्याधिकारी व युरोपियन स्वयंसेवक पथके यांच्यापुरता मर्यादित राहिला. सामान्य भारतीयाच्या दृष्टीने बंदूक ही शिकारीची, सैन्याची किंवा दरोड्याची वस्तू होती, खेळाची नव्हे.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना झाली. तिचे संस्थापक अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे होते. बडोद्यात जन्मलेले व अहमदाबादेत कार्य केलेले मावळंकर मूळ रत्नागिरी जिल्ह्यातील मराठी घराण्याचे. अहिंसेच्या चळवळीतून पुढे आलेल्या या वकिलाने रायफल संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारावे, यात वरवर विसंगती वाटते. पण स्वतंत्र देशाच्या नागरिकाने शस्त्राला घाबरू नये आणि ते शिस्तीने हाताळावे, ही त्या काळातील नेतृत्वाची सर्वसाधारण धारणा लक्षात घेता ती तितकीशी उरत नाही. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा पुढे अनेक वर्षे राष्ट्रीय स्पर्धेपूर्वीची पायरी म्हणून ओळखली गेली. जिल्हा, राज्य, मावळंकर आणि मग राष्ट्रीय, असा नवोदितांचा चढता क्रम पिढ्यान्पिढ्या तोंडपाठ राहिला.

१९५९ चा नवा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याने परवान्याची अट कायम ठेवली. पॉइंट टू-टू पिस्तुलासाठी आजही पोलीस चौकशी व परवाना अनिवार्य आहे. हवेच्या कमी शक्तीच्या शस्त्रांना मात्र सवलत मिळाली. २०१६ च्या शस्त्र नियमांनी ही सीमा आकड्यांत बांधली : ०.१७७ इंच, म्हणजेच ४.५ मिलिमीटरपर्यंतचा व्यास आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १५५ मीटर वेगाने फेकणाऱ्या स्पर्धेच्या पिस्तुलाची ऊर्जा ६ ज्यूलच्या आसपास भरते. कायद्याच्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही ती नाही. महाराष्ट्रातील हजारो पालकांच्या मनातील पहिली शंका या फरकाने मिटवली, असे म्हणण्यास हरकत नाही.

दहा मीटरची जागा

मीरा-भाईंदर हे तुलनेने नवे शहर. १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका असा त्याचा प्रवास आहे. २००१ च्या जनगणनेत ५,२०,३८८ असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ८,०९,३७८ झाली. खाडी, मिठागरे आणि रेल्वेमार्ग यांच्यामध्ये दाटीने उभ्या राहिलेल्या अशा शहरात २५ किंवा ५० मीटरची, गोळी अडवणाऱ्या भिंतींची नेमबाजी श्रेणी उभारणे सोपे नसते. हवेच्या पिस्तुलाला मात्र १० मीटर अंतर, मागे छर्रे अडवणारा पत्रा आणि पुरेसा उजेड एवढेच हवे असते. एखादे सभागृह किंवा शाळेचा लांब वर्गही चालतो. अलीकडे उपनगरांतून निघालेली प्रशिक्षण केंद्रे याच सोयीवर उभी आहेत.

तथापि मोठ्या स्पर्धा व जुन्या संस्था यांचे केंद्र मुंबईतच राहिले. महाराष्ट्र रायफल असोसिएशनची वरळी येथील श्रेणी आणि दादरच्या स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकातील नेमबाजी केंद्र ही त्यांतील परिचित नावे. भाईंदर ते दादर हे अंतर लोकलने सुमारे ३३ किलोमीटर आहे. सकाळच्या गर्दीत पिस्तुलाची पेटी छातीशी धरून हा प्रवास करणे हा सिद्धतेचाच भाग मानला पाहिजे. कारण डब्यातील एका धक्क्याने मागच्या खाचेची मांडणी हलू शकते. परवान्याची गरज नसली तरी खरेदीची पावती व क्लबचे ओळखपत्र पेटीतच ठेवण्याची शिकवण प्रशिक्षक देतात, तीही याच प्रवासामुळे.

१ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. तत्पूर्वी मीरा-भाईंदर ठाणे ग्रामीण पोलिसांच्या अखत्यारीत होते. शस्त्र अधिनियमानुसार आयुक्तालयाच्या क्षेत्रात परवान्याचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे येतात. म्हणजे हवेच्या पिस्तुलावरून पॉइंट टू-टूकडे वळू पाहणाऱ्या येथील नेमबाजाचा अर्जही आता वेगळ्या कार्यालयात जातो.

यंत्राची स्थित्यंतरे

१० मीटर हवेच्या पिस्तुलाचा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला तो १९८८ च्या सोल येथील स्पर्धेत, पुरुष व महिला या दोन्ही गटांत. त्याआधीची दोन दशके स्प्रिंगच्या पिस्तुलाची होती. १९६५ मध्ये जर्मनीच्या फाइनवेर्कबाऊ कंपनीने आणलेल्या ‘मॉडेल ६५’ मध्ये नळी व यंत्रणा एका घसरपट्टीवर मागे सरकत, त्यामुळे स्प्रिंगचा धक्का हातापर्यंत पोहोचत नसे. पुढे एका दाबात हवा भरणारी आणि कार्बन डायऑक्साइडवर चालणारी पिस्तुले आली. कार्बन डायऑक्साइडचा दाब तापमानानुसार बदलतो. मुंबईच्या उन्हाळ्यात ही अडचण लहान नव्हे. १९९० च्या दशकापासून २०० बारपर्यंत दाबलेल्या साध्या हवेचे सिलिंडर रूढ झाले आणि हा प्रश्न मागे पडला.

मात्र त्याची जागा दुसऱ्या प्रश्नांनी घेतली. हातपंपाने भरलेल्या हवेबरोबर बाष्पही आत जाते. किनारपट्टीच्या दमट, खारट हवेत ते विशेष जाते आणि झडपा व धातूचे भाग गंजू लागतात. पंपावरील आर्द्रताशोषक वेळेवर बदलणे ही येथील नेमबाजाची पावसाळी नित्यकर्मे. सिलिंडरला उत्पादकाने दिलेली १० वर्षांची मुदत असते. जुने पिस्तूल स्वस्तात घेतलेल्या कुटुंबांना ही तारीख बहुधा तपासणीच्या टेबलावरच प्रथम दिसते.

चाप, मूठ, माशी

आंतरराष्ट्रीय नियमानुसार हवेचे पिस्तूल १५०० ग्रॅमपेक्षा जड नसावे, ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावावे आणि त्याच्या चापाचे वजन ५०० ग्रॅमपेक्षा कमी नसावे. या तिसऱ्या अटीचे महत्त्व जुन्या ५० मीटर ‘फ्री पिस्तुला’शी तुलना केल्यास कळते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत खेळल्या गेलेल्या त्या प्रकारात चापाला किमान वजनच नव्हते आणि मूठ संपूर्ण हाताला वेढू शकत असे. तेथे कारागिराच्या कौशल्याला व खरेदीदाराच्या खिशाला मोकळे रान होते. हवेच्या पिस्तुलावरील ५०० ग्रॅमची अट ही केवळ सुरक्षेची तरतूद नसून एका अर्थी समतेचीही तरतूद आहे. महागड्या व साध्या पिस्तुलाला ती एकाच वजनाच्या खाली उभे करते.

तपासणीची रीत सरळ आहे. पिस्तुलात हवेचा भार सज्ज ठेवून, नळी उभी धरून, चापाच्या मध्यावर वजन अडकवले जाते आणि ते टेबलावरून हळूच उचलले जाते. तीन प्रयत्नांत वजन उचलले गेले नाही तर चाप दुरुस्त करून पुन्हा यावे लागते. स्पर्धेनंतर अकस्मात होणाऱ्या तपासणीत चाप हलका आढळला तर मात्र नेमबाज बाद होतो. म्हणून जाणते प्रशिक्षक चाप ५०० वर न ठेवता ५१० ते ५२० ग्रॅमवर ठेवतात. धूळ, तेल व वापर यांनी स्क्रू किंचित सरकतो, आणि त्या १०-२० ग्रॅमचा तोटा नेमबाजाच्या बोटाला कळतही नाही. नवोदितांना नेमकी उलट हौस असते. चाप जितका हलका तितके गुण अधिक, असा त्यांचा समज असतो. वस्तुतः दोन टप्प्यांच्या चापात पहिल्या टप्प्यावर किती भार आणि दुसऱ्यावर किती, ही वाटणी अधिक निर्णायक ठरते.

मुठीचे काम सर्वांत वेळखाऊ. अक्रोडाच्या लाकडाची मूठ लहान, मध्यम, मोठ्या आकारात मिळते. हात मात्र तीन आकारांचे नसतात. जेथे पोकळी राहते तेथे लाकडी लांबी भरावी लागते, जेथे रुतते तेथे कानस चालवावी लागते. दर खेपेस थोडेच घासावे आणि डोळे मिटून पिस्तूल उचलावे. डोळे उघडल्यावर माशी खाचेच्या मध्यभागी दिसली तर मूठ जमली, असा साधा निकष आहे. मनगटाला मुठीचा आधार मिळता कामा नये आणि तळव्याखालची फळी ९० अंशांपेक्षा आत वळता कामा नये, या नियमांचे भंग बहुधा अजाणतेपणी होतात. घरी प्रेमाने भरलेली लांबी तपासणीच्या टेबलाशी खरवडून काढावी लागल्याचे प्रसंग जिल्हा स्पर्धांना नवे नाहीत.

पुढची माशी व मागची खाच यांची जुळणी त्यानंतर येते. लक्ष्यावरील काळे वर्तुळ ५९.५ मिलिमीटरचे आणि त्यातील दहाचे वर्तुळ केवळ ११.५ मिलिमीटरचे असते. नवोदित काळ्याच्या मध्यावर नेम धरतो, तर प्रशिक्षक त्याला काळ्याखालच्या पांढऱ्या पट्ट्यात माशी स्थिर ठेवण्यास शिकवतात, कारण काळ्यावर काळी माशी डोळ्याला नीट दिसत नाही. छर्रे चपट्या डोक्याचे वापरले जातात, म्हणजे कागदावर स्वच्छ गोल छिद्र पडते. डोक्याचा व्यास ४.४९ की ४.५० मिलिमीटर, ही निवड पिस्तूल शिकंज्यात घट्ट धरून करावयाची असते. ही चाचणी पहिल्या स्पर्धेपूर्वी फारच थोडे करतात, आणि त्या पातळीवर तिची फारशी गरजही नाही.

सामायिक पिस्तूल

वरील सर्व विवेचन पिस्तूल स्वतःचे आहे असे गृहीत धरते. प्रत्यक्षात नवोदितांपैकी अनेकांचे पहिले पिस्तूल क्लबचे असते. आयात पिस्तुलाची किंमत मध्यमवर्गीय घराला एका वर्षाच्या बचतीसारखी वाटते. क्लबच्या पिस्तुलाची मूठ कोणाच्याही हाताची नसते, म्हणून ती घासता येत नाही. चाप सर्वांसाठी एकच असतो. खाचेचे क्लिक मात्र प्रत्येकाचे वेगळे. त्यामुळे वहीत ‘उजवीकडे चार, वर सहा’ अशी नोंद ठेवून प्रत्येक जण आपल्या पाळीला खाच फिरवतो आणि संपल्यावर मूळ स्थितीत आणतो. एकाने विसर केला की दुसऱ्याचे पहिले दहा छर्रे सातच्या वर्तुळात जातात. नियमांनी चापाचे वजन समान केले. मुठीचे कोणीही करू शकले नाही.

कायद्यातही असाच एक वळसा आहे. २०१६ च्या नियमांत कनिष्ठ, होतकरू व नामांकित अशा नेमबाजांच्या श्रेणी आहेत आणि शस्त्र व दारूगोळ्याच्या सवलती श्रेणीनुसार वाढतात. श्रेणी गुणांवर ठरते, गुण साधनावर अवलंबून असतात आणि चांगले साधन श्रेणीनंतर सुलभ होते. ऑकलंड येथे १९९० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सेंटर-फायर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकणारे अशोक पंडित, किंवा २०१३ च्या चांगवान विश्वचषकात व २०१८ च्या जकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण मिळवणारी कोल्हापूरची राही सरनोबत, यांच्या पदकांच्या नोंदी सर्वत्र आढळतात. वर्तुळाच्या पहिल्या फेरीत त्यांच्यासारख्यांच्या बरोबरीने उभे राहिलेले आणि पिस्तुलाअभावी थांबलेले किती, याची नोंद कोणत्याही संघटनेच्या गुणपत्रिकेत सापडणार नाही.

साधन सर्वोत्तम असले तरी प्रश्न संपत नाही. २५ जुलै २०२१ रोजी टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरीच्या मध्येच बिघाड झाला, दुरुस्तीत मौल्यवान मिनिटे गेली आणि ती ५७५ गुणांसह बाराव्या स्थानी राहिली. अंतिम फेरीची सीमा ५७७ होती. २८ जुलै २०२४ रोजी पॅरिसमध्ये याच प्रकारात तिने कांस्यपदक मिळवले. टोकियोच्या त्या दिवसानंतर महाराष्ट्रातील प्रशिक्षकांनाही पालकांना सुटे भाग, राखीव सिलिंडर आणि स्क्रू फिरवण्याच्या किल्ल्यांचा संच यांचे महत्त्व पटवणे सोपे झाले असावे.

वरळीत स्पर्धा संपल्यावर क्लबचे पिस्तूल सर्वांत आधी रिकामे केले जाते. नळीत तिच्या संपूर्ण लांबीची नारिंगी सुरक्षादोरी घातली जाते, सिलिंडर सोडवला जातो, वहीतील आकड्यांनुसार खाच मागे फिरवली जाते. मग पेटी बंद होते आणि परतीच्या विरार लोकलमध्ये ती पुढच्या रविवारी ज्याची पाळी आहे त्याच्या मांडीवर असते.