अर्धशिशी, हकिमाची चिठ्ठी आणि कशेळीचा रस्ता

डोके दुखणे ही काही इतिहासाच्या पुस्तकात जागा मिळावी अशी घटना नव्हे. लढाया, तह आणि वंशावळी लिहिणाऱ्या तवारीखकारांनी तिची फारशी दखल घेतली नाही. दखल घेतली ती वैद्य-हकिमांनी. ग्रीक हकीम जालिनूस याने अर्ध्या डोक्याच्या दुखण्याला जे नाव दिले, त्याचाच अपभ्रंश होऊन आजचा ‘मायग्रेन’ शब्द तयार झाला. अरबीत साध्या डोकेदुखीला ‘सुदाअ’ आणि अर्ध्या डोक्याच्या दुखण्याला ‘शकीका’ म्हणतात. आयुर्वेदात ते ‘अर्धावभेदक’ आहे आणि आपल्या मराठीत ‘अर्धशिशी’. भाषा चार, पण रोग्याने कपाळाच्या एका बाजूला हात लावून सांगितलेली तक्रार एकच.

या दुखण्यावर आपल्या पूर्वजांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. इब्न सीना (980-1037) याने ‘अल्-कानून’च्या तिसऱ्या खंडात डोक्यापासून पायापर्यंतचे रोग घेतले आहेत. अर्थातच सुरुवात डोक्याच्या विकारांपासून होते. उपचाराचे त्याने तीन मार्ग सांगितले : एक राहणी आणि आहार, दुसरा औषध आणि तिसरा हाताने करायची क्रिया, म्हणजे शस्त्रकर्म. युनानी तिब्बमध्ये ‘असबाब-ए-सित्ता जरूरिया’ म्हणजे सहा अनिवार्य कारणे मानली जातात : हवा, खाणेपिणे, शरीराची हालचाल व विश्रांती, मनाची हालचाल व विश्रांती, झोप-जागरण, आणि शरीरात काय साठते व काय बाहेर पडते. हकीम नाडी पाहून झाल्यावर रोग्याला याच सहा गोष्टी विचारीत असे. रात्री झोपलास किती, जेवलास केव्हा, काम उन्हात करतोस की सावलीत? त्याच्या चिठ्ठीत औषधाइतकीच ‘परहेज’ महत्त्वाची असे. आहाराने होणाऱ्या या उपचाराला ‘इलाज बिल-गिजा’ असे स्वतंत्र नावच आहे.

ही विद्या दख्खनला आली ती बंद पेटीतून आली नाही. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी जात असे. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात अरबी वैद्यक आणि इथल्या वनस्पती शेजारी शेजारी नांदताना दिसतात. इतिहासकार म्हणून प्रसिद्ध असलेला फरिश्ता आधी अहमदनगरला आणि 1589 नंतर विजापूरला होता. मुसलमान हकिमांना हिंदुस्थानी वैद्यक कळावे म्हणून त्याने फारसीत ‘दस्तूर-उल-अतिब्बा’ हा ग्रंथ लिहिला. डोकेदुखीवर आजही दिले जाणारे ‘इतरीफल किश्नीजी’ हे याच देवघेवीचे अपत्य होय. ‘इतरीफल’ म्हणजे आपली त्रिफळा आणि ‘किश्नीज’ म्हणजे धने. संस्कृत शब्द अरबस्तानात गेला, टोपी बदलून परत आला आणि आपण त्याला परका समजू लागलो.

मात्र जुने ते सारे सोने असे मानण्याचे कारण नाही. अंदलुसचा थोर शल्यवैद्य अबुल कासिम अल्-झहरावी शकीकेच्या रोग्याच्या कानशिलावर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याचा, किंवा तिथली कातडी चिरून आत लसणाची पाकळी बसवण्याचा उपाय सांगतो. शस्त्रक्रियेतील त्याचा अधिकार मोठा होता, म्हणून हा उपाय बरोबर ठरत नाही. परंपरेतले काय घ्यावे आणि काय सोडावे, याचा निवाडा अनुभवाने आणि प्रयोगानेच व्हायला हवा.

हा प्रश्न विसाव्या शतकात ऐरणीवर आला. 1912 च्या मुंबई वैद्यक कायद्याने पाश्चात्त्य पद्धतीच्या डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली आणि वैद्य-हकीम बाहेर राहिले. दिल्लीचे हकीम अजमल खान यांनी त्याआधीच, 1910 मध्ये, वैद्य आणि हकीम यांना एका परिषदेत एकत्र आणले होते. त्यांच्या तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन 13 फेब्रुवारी 1921 रोजी महात्मा गांधींनी केले. त्या भाषणात गांधीजींनी आधुनिक शास्त्रज्ञांच्या संशोधनवृत्तीचा गौरव केला आणि वैद्य-हकिमांत ती दिसत नाही, ते जुनी सूत्रे गिरवतात, असे स्पष्ट सुनावले. अजमल खानांना ही उणीव ठाऊक होती. त्यांच्या प्रेरणेने सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी सर्पगंधेवर रासायनिक संशोधन केले आणि 1931 मध्ये मिळालेल्या द्रव्याला ‘अजमलीन’ हे नाव दिले. मुंबई प्रांतात 1938 च्या कायद्याने वैद्य-हकिमांनाही नोंदणी मिळाली.

मान्यता मिळाली, पण याच काळात एक गोष्ट हातातून निसटली. 1893 मध्ये मुंबईत काशिनाथुनी नागेश्वर राव यांनी अमृतांजन बाजारात आणले. 1899 पासून जर्मनीची ॲस्पिरिन जगभर विकली जाऊ लागली. डोकेदुखी ही दुकानातून सोडवायची बाब झाली. युनानीतलेही जे टिकले ते प्रामुख्याने बाटलीतले आणि डबीतले : माजून, रोगन, शरबत. चिठ्ठीतला परहेजचा अर्धा भाग गळून पडला, कारण तो विकता येत नव्हता.

आता आपल्या भिवंडीकडे येऊ. ठाण्याहून बाळकुमच्या बाजूने खाडीपूल ओलांडला की कशेळी लागते. पुढे काल्हेर आणि अंजूरफाट्यावरून रस्ता भिवंडीत शिरतो. शहरात यंत्रमागांचा खडखडाट आणि या रस्त्याला गोदामांच्या रांगा. मुंबईची जकात चुकवून माल साठवण्यासाठी गोदामे वाढली. 2017 मध्ये जकात गेली, गोदामे मात्र राहिली. माग चालवणारा बारा तासांच्या पाळीत उभा असतो, हमाल पत्र्याखालच्या उकाड्यात ओझी वाहतो, ड्रायव्हर कंटेनरच्या रांगेत अडकतो. अपुरी झोप, चुकलेले जेवण, कमी पाणी, सततचा आवाज आणि भुकेवर उतारा म्हणून कटिंग चहा. हकिमाच्या सहा कारणांची यादी इथे जणू उलटी लिहून ठेवली आहे. डोके दुखणारच. मग मेडिकलमधून एक गोळी. ती लागू पडते म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा.

इथेच खरा धोका आहे. वेदनाशामक गोळ्या वारंवार घेतल्यानेच डोके दुखू लागते, हे आज वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. डोकेदुखीच्या 2018 च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार, आधीपासून डोकेदुखी असलेल्या माणसाने साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या 10 किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या व महिन्यातले 15 किंवा अधिक दिवस डोके दुखू लागले, तर ते औषधाच्या अतिवापराचे दुखणे समजावे. चहातले कॅफीन अनेक मिश्र गोळ्यांतही असते. म्हणजे गोळी आणि चहा मिळून सवय पक्की करतात.

मग आहाराने काय साधते? 2021 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मायग्रेनच्या 182 रोग्यांना 16 आठवडे वेगवेगळा आहार देण्यात आला. ज्यांच्या ताटात माशांतले ओमेगा-3 स्निग्धांश वाढवले आणि काही वनस्पती तेलांतले लिनोलेइक आम्ल कमी केले, त्यांचे दुखण्याचे दिवस महिन्याला सुमारे चारने कमी झाले. जगण्याच्या दर्जाच्या चाचणीत मात्र ठळक फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. बांगडा आणि तारली हे कोकणी मुसलमानांच्या घरचे रोजचे कालवण. महाग पूरक गोळ्यांच्या आधी ते ताटात आले तर बिघडत नाही. याखेरीज वेळेवर जेवण, पुरेसे पाणी, ठरलेली झोप आणि दुखण्याच्या दिवसांची वहीत नोंद, एवढ्याने अनेकांचा त्रास कमी होतो.

रमजानचा अनुभव तर आपल्या घरोघरी आहे. 1995 मध्ये ज्यूंच्या योम किप्पूरच्या उपवासातील आणि 1999 मध्ये सौदी अरेबियात रमजानच्या पहिल्या दिवशीच्या डोकेदुखीवर संशोधन प्रसिद्ध झाले. उपवास लांबतो तसे दुखणे वाढते आणि चहा-कॉफी एकदम सुटणे हे सौदी अभ्यासात मोठे कारण दिसले. म्हणून शाबानच्या अखेरच्या पंधरवड्यापासून चहा हळूहळू कमी करावा, सहरी टाळू नये, इफ्तारनंतर पाणी थोडे थोडे पण भरपूर प्यावे. आजाऱ्याला रोजाची सवलत आहेच. ती घेण्यात कमीपणा नाही.

एक इशारा देणे आवश्यक आहे. अचानक आलेले असह्य दुखणे, ताप आणि मान आखडणे, बोलणे अडखळणे, हातपाय लुळे पडणे, नजर जाणे, डोक्याला मार लागल्यानंतरचे किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे, यांत परहेज करत बसू नये. तडक इस्पितळ गाठावे. रोजच्या गोळ्याही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बंद कराव्यात.

शेवटी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. वेळेवर जेव, रात्री झोप, हवेत बस, हा सल्ला हकिमाने ज्यांना दिला त्यांतला निजामशहा आपल्या दिवसाचा धनी होता. कशेळीच्या गोदामातला हमाल आणि भिवंडीचा मागवाला तसा नाही. त्याची झोप पाळी ठरवते आणि जेवण मुकादम. म्हणून इलाज बिल-गिजाची परंपरा जर खरोखर आपली असेल, तर तिचा उपदेश केवळ रोग्याला करून भागणार नाही. कामावर प्यायला स्वच्छ पाणी, जेवणाची ठरलेली सुट्टी आणि पाळीनंतर पुरती झोप, ही मागणी मालक, जमात आणि संघटना यांच्यापुढे ठेवावी लागेल. आपल्या वस्त्यांत आरोग्य शिबिरे भरतात, फुकट गोळ्या वाटल्या जातात. पुढच्या शिबिरात गोळी देण्यापूर्वी हकिमाचे ते जुने सहा प्रश्न विचारले जावेत आणि उत्तरे कागदावर उतरवली जावीत. मग कोणते दुखणे डॉक्टरांकडे न्यायचे आणि कोणते मालकाच्या दारात, हे आपोआप कळेल.