व्हाइटचॅपल खून (१८८८) : रक्तडागांचा पुरावा

लंडनच्या पूर्व भागातील व्हाइटचॅपल व लगतच्या वस्तीत ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर १८८८ या काळात पाच स्त्रियांचे गळे चिरून खून झाले. ‘जॅक द रिपर’ या टोपणनावाचा खुनी कधीच सापडला नाही. या प्रकरणावर पुस्तके उदंड निघाली आणि बहुतेक संशयितांच्या मागे धावली. रक्ताने सांगितले ते खून कसा झाला याविषयी. तो कोणी केला याविषयी रक्त मुकेच राहिले.

याचे कारण तेव्हाच्या शास्त्रात आहे. ग्वायकम राळेची कसोटी किंवा टाइखमानचे स्फटिक (१८५३) यांवरून डाग रक्ताचा असल्याचे ठरवता येई. वाळलेले रक्त माणसाचे की जनावराचे, हे खात्रीने सांगणारी उलेनहूटची कसोटी १९०१ मध्ये आली. लँडस्टायनरचे रक्तगटही त्याच सुमाराचे. व्हाइटचॅपलमध्ये खाटीकखाने होते, त्यामुळे रक्ताळलेल्या कपड्यांचा माणूस दिसला म्हणून कोणी थबकत नसे.

पहिला खून बक्स रो येथे मेरी ॲन निकोल्सचा. जमिनीवर रक्त थोडेच दिसल्याने तिला दुसरीकडे मारून येथे आणून टाकले असावे, अशी वदंता उठली. प्रेत उचलताना शिपाई थेन याचे हात रक्ताने भरले, तेव्हा उलगडा झाला : रक्त पाठीकडच्या कपड्यांत मुरले होते. निरीक्षक स्प्रॅटलिंग पोहोचेपर्यंत फरसबंदी धुऊन काढली जात होती. त्याला दगडांच्या फटींतले अवशेषच पाहायला मिळाले. आज हिंगोलीतल्या एखाद्या शेतावर खून झाला, तर पंचांसमक्ष रक्तमिश्रित माती आणि तुलनेसाठी जवळचीच साधी माती वेगवेगळ्या पुड्यांत सील होते आणि मुद्देमाल न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो. तशी प्रादेशिक प्रयोगशाळा शेजारी नांदेडला आहे. बक्स रोमध्ये पुरावा बादलीभर पाण्याबरोबर गेला.

हॅनबरी स्ट्रीटवरील २९ क्रमांकाच्या घराचे परसू हे या प्रकरणातील सर्वांत बोलके घटनास्थळ म्हणावे लागेल. तेथे मारल्या गेलेल्या ॲनी चॅपमनच्या डोक्यामागच्या भिंतीवर, जमिनीपासून सुमारे १८ इंचांवर, सहाएक डाग होते. मोठ्यात मोठा सहा पेनीच्या नाण्याएवढा, लहान तर ठिपक्यासारखा. डावीकडच्या लाकडी कुंपणावर १४ इंच उंचीवर गोठलेल्या रक्ताचे फराटे होते. घरातून परसात येणाऱ्या बोळात मात्र रक्ताचा थेंब नव्हता. ती स्वतःच्या पायांनी परसात आली, असे डॉ. बॅगस्टर फिलिप्स यांनी ठरवले. डागांची कमी उंची पाहता गळा चिरताना ती जमिनीलगत होती, हेही उघड आहे.

कॅथरीन एडोजच्या बाबतीत (मायटर स्क्वेअर, ३० सप्टेंबर) भिंतीवर वा फरशीवर रक्ताच्या चिळकांड्या नव्हत्या. गळा आडव्या स्थितीत कापल्याचे ते लक्षण. तिच्या एप्रनचा रक्ताने ओला तुकडा पहाटे २:५५ ला गोल्स्टन स्ट्रीटवर शिपाई लाँग याला मिळाला. एका बाजूस हात किंवा सुरी पुसल्यासारखे फराटे होते. हे रक्त माणसाचेच असे सांगता येत नाही, अशी साक्ष डॉ. गॉर्डन ब्राउन यांनी दिली. तुकडा तिचाच हे पटले ते शिवणीवरून, कारण ठिगळाच्या कडा दोन्ही भागांत तंतोतंत जुळल्या. खुनी मायटर स्क्वेअरवरून कोणत्या दिशेने गेला, याचा एकमेव ठोस धागा हाच. तोही रक्तापेक्षा सुईदोऱ्याचा अधिक.

शेवटचा बळी ठरलेल्या मेरी केलीच्या खोलीचे छायाचित्र उपलब्ध आहे. पलंगाच्या उजव्या कोपऱ्यातले अंथरूण रक्ताने भिजलेले, त्याखाली सुमारे दोन फूट चौरस थारोळे आणि मानेच्या रेषेत भिंतीवर सुटे शिंतोडे, असे डॉ. टॉमस बाँड नोंदवतात. गळा कापला तेव्हा ती भिंतीकडच्या बाजूला होती. प्रेत नंतर अलीकडे सरकवले गेले. खुनी रक्ताने न्हालेला असेलच असे नाही, मात्र त्याचे हात माखलेले आणि कपड्यांचा काही भाग रक्ताळलेला असणारच, हे बाँड यांचे मत महत्त्वाचे आहे, कारण ‘इतके रक्त अंगावर घेऊन तो पळाला कसा?’ हा लोकप्रिय प्रश्न त्यामुळे बराचसा निकालात निघतो.

शिंतोड्यांचा पद्धतशीर प्रायोगिक अभ्यास एदुआर्द पिओत्रोव्स्की याने १८९५ मध्ये प्रसिद्ध केला, म्हणजे या तपासाला तो उपयोगी पडणे शक्यच नव्हते. अलीकडे एडोजच्या म्हणवल्या जाणाऱ्या एका शालीवरील डीएनएचा गाजावाजा झाला (२०१४, २०१९). ती शाल घटनास्थळी असल्याची समकालीन नोंद नाही आणि दुर्मीळ म्हणून सांगितलेला जनुकीय बदल युरोपीय लोकांत सर्रास आढळणारा असल्याचे तज्ज्ञांनी दाखवून दिले.