शालेय प्रकल्प आणि महाजाल : शिक्षकांच्या हातातील साधने

माध्यमिक शाळेतील प्रकल्प म्हणजे रंगीत कागद, कात्रणे आणि सुवाच्य अक्षरात उतरवलेला मजकूर, असा समज आपल्याकडे रूढ आहे. महाजालावरून छापून आणलेली चार पाने त्या समजाला बळच देतात. वस्तुतः प्रकल्प म्हणजे विद्यार्थ्याला पडलेल्या प्रश्नाचे, त्याने स्वतः जमवलेल्या पुराव्याच्या आधारे दिलेले उत्तर होय. महाजालावरील साधने या शोधाला हातभार लावतात की नकलेला, हे शिक्षक त्यांचा वापर कसा करून घेतो यावर अवलंबून असते. अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुका डोळ्यांसमोर ठेवून या साधनांचा परिचय येथे करून दिला आहे.

पार्श्वभूमी

स्थानिक प्रश्नावर विद्यार्थ्यांच्या गटाने संशोधन करावे, या कल्पनेवर उभी असलेली राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ मध्ये सुरू झाली. १० ते १७ वर्षे वयोगटातील मुले तीत भाग घेतात. महाराष्ट्रात २०२०-२१ पासून नववीला ‘जलसुरक्षा’ हा विषय आला आणि गावचे पाणी हा अभ्यासाचा भाग झाला. त्याच वर्षी, डिसेंबर २०२० मध्ये, सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुस्तकांतील क्यूआर कोड आणि दूरच्या स्थळांच्या आभासी सहली हे त्यांचे प्रयोग प्राथमिक शाळेतील होते. तथापि लहान गावातील शिक्षकही ही साधने समर्थपणे वापरू शकतो, हा त्यांचा धडा माध्यमिक शाळांनाही लागू पडतो.

विषय आणि प्रश्न

‘पाणीटंचाई’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘आमच्या गावातील विहिरींची पातळी ऑक्टोबर ते मे या काळात किती उतरते आणि सर्व विहिरींची सारखीच उतरते का?’ हा प्रश्न होय. तिवसा तालुक्यात तो अगदी जवळचा आहे. पूर्वेला वर्धा नदी वाहते, उत्तरेला संत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेला मोर्शी-वरुडचा पट्टा आहे आणि भूजलाच्या अतिउपशासाठी तो पट्टा अनेक वर्षे चर्चेत राहिला आहे.

असा प्रकल्प प्रथम विहिरीवर होतो, संगणकावर नंतर. गटाने पाच विहिरी निवडाव्यात. दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी, वजन बांधलेल्या दोरीने कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे व त्यातून कठड्याची उंची वजा करावी. मोजणीच्या वेळी मोठी व्यक्ती सोबत असलीच पाहिजे. नोंद आधी वहीत व मग सर्वांना दिसणाऱ्या सामायिक तक्त्यात करावी.

साधनांचा उपयोग यानंतर सुरू होतो. विहिरींची ठिकाणे ‘इस्रो’च्या ‘भुवन’ किंवा ‘गुगल अर्थ’च्या नकाशावर दाखवता येतात. कृषी विभागाच्या ‘महारेन’ या संकेतस्थळावरून तालुक्याच्या व महसूल मंडळाच्या पावसाचे आकडे घेता येतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तिच्या नोंदींशी आपल्या नोंदी ताडून पाहता येतात.

आकडे हाती आले की शिक्षकाचे खरे काम सुरू होते. शेजारच्या दोन विहिरींत फरक का? वऱ्हाडातील काळ्या पाषाणात पाणी मुख्यतः झिजलेल्या थरांत व भेगांत साठते, म्हणून थोड्या अंतरावरही पातळी बदलते. नाल्याची जवळीक आणि उपसा हीदेखील कारणे असू शकतात. एका वर्षाच्या नोंदींवरून पावसाचा कल सांगता येत नाही, हेही मुलांना याच वेळी उमजावे.

इतिहासाचे प्रकल्प

याच तालुक्यात वर्धेच्या काठी कौंडण्यपूर आहे आणि मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम आहे. कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर, ही परंपरा. तेथील उत्खननात सापडलेले अवशेष, हा पुरावा. दोन्हींचा मान राखूनही त्यांतील भेद ओळखणे हाच विद्यार्थ्याचा पहिला इतिहासपाठ ठरावा. महाजालावर उपलब्ध असलेले जिल्हा गॅझेटिअर आणि मराठी विश्वकोश हे येथे भरवशाचे आरंभबिंदू आहेत. गावातील वृद्धांच्या मुलाखती भ्रमणध्वनीवर, त्यांची परवानगी घेऊन, ध्वनिमुद्रित कराव्यात व त्यांचे लिखित रूप मराठीतच तयार करावे.

शिक्षकाची देखरेख

सामायिक दस्तऐवजात कोणी, कधी, काय लिहिले याचा इतिहास जतन होतो. त्यामुळे एकाच मुलाने सर्व काम केले की गटाने, हे कळते. शिक्षकाने समासात उत्तरे लिहू नयेत, प्रश्न लिहावेत : ‘हा आकडा कोठून आला?’, ‘दुसरे कारण असू शकेल का?’ २०२२ नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने काही क्षणांत अख्खा अहवाल लिहून देऊ लागली आहेत. नेमक्या कोणत्या दिवशी कोणत्या विहिरीचे पाणी किती खोल होते, हे मात्र ती सांगू शकत नाहीत. म्हणून अंतिम अहवालापेक्षा नोंदवहीला आणि तोंडी प्रश्नोत्तरांना अधिक गुण द्यावेत.

मर्यादा आणि दक्षता

घरात एकच भ्रमणध्वनी असतो आणि तो बहुधा वडिलांबरोबर शेतात जातो; मुलींच्या हाती तो आणखी उशिरा येतो. त्यामुळे घरी महाजाल असणे ही प्रकल्पाची अट असू नये. नोंदी वहीत व्हाव्यात आणि आठवड्यातून एकदा शाळेच्या संगणकावर चढवाव्यात. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून तिच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची ठरवली आहे. मुलांची छायाचित्रे, नावे, दूरध्वनी क्रमांक खुल्या पानावर टाकू नयेत.

प्रकल्पाचा शेवट गुणपत्रिकेत होऊ नये. यंदाच्या वर्गाचा तक्ता पुढच्या वर्गाने पुढे चालवला, तर पाच वर्षांत गावाच्या पाण्याची स्वतःची नोंद तयार होते. नवी विंधन विहीर कोठे घ्यावी, उपसा कोठे थांबवावा, यावर ग्रामसभेत चर्चा होईल तेव्हा शाळेचा तो तक्ता समोर ठेवता येईल. रद्दीत जाणाऱ्या प्रकल्पवहीपेक्षा ही मिळकत निश्चितच मोठी आहे.