प्रवरेतला पट्ट्यांचा दगड

दगडगोटे जमवायचा छंद असलेल्या एका पाहुण्याने प्रवरेच्या पात्रातून गोटा आणला. वरून मळकट, पण फुटल्या बाजूला कांद्याच्या चकतीसारखे पट्टे. राखाडी, पांढरे, मधेच तांबूस. "झाडाचं खोड दगड झालंय का?" हा त्याचा प्रश्न.

मी चाकूचं टोक ओढून पाहिलं. दगडाला ओरखडा नाही, उलट पोलादाचीच रेघ उमटली. मग माती परीक्षणात चुना बघायला टाकतात त्या सौम्य ॲसिडचे दोन थेंब. फेस नाही. म्हणजे चुनखडी नव्हे, गारगोटीच्या जातीचा अकीक.

आपला काळा खडक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, पुढे सिलिका विरघळलेलं पाणी झिरपून त्या थराथराने भरल्या. तेच हे पट्टे. खडक कुजून काळी माती झाली. अकीक कुजत नाही, म्हणून नांगराला लागतो. (पिकाला उपयोग काही नाही, आधीच सांगतो.)

माणसाला मात्र फार झाला. 1954 ते 1956 मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी नेवाशाला उत्खनन केलं. प्रवरेच्या दरडीतल्या जुन्या थरात काळ्या खडकाच्या मोठ्या हातकुऱ्हाडी होत्या. त्यानंतरच्या थरात लहान तासण्या आणि टोकदार हत्यारं, ती अकीक, जास्पर, चर्टची. हा दगड काचेसारखा फुटतो, धार पातळ येते. मधल्या अश्मयुगातल्या या हत्यारांना पुढे 'नेवासियन' नाव पडलं. आपल्या तालुक्याचं नाव अभ्यासाच्या पुस्तकात गेलं, पण गावात किती जणांना ठाऊक आहे?

साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथेच शेती करणारे लोक राहिले. तांबं होतं, पण थोडंच. रोजचं कापणं-सोलणं याच जातीच्या दगडाच्या लांब पात्यांवर चालायचं.

पाहुण्याचा गोटा नदीने घासलेला, साधाच निघाला. घडवलेल्या तुकड्यावर घाव बसल्या जागी फुगवटा असतो आणि कडेने ओळीत टवके काढलेले असतात. जुन्या टेकाडाची पांढरी माती ट्रॉल्या भरून शेतात टाकताना किंवा सपाटीकरणात असे तुकडे हमखास निघतात, आणि एकदा थर मोडला की तुकडा कुठल्या काळचा ते सांगता येत नाही. म्हणून असं काही दिसलं तर हलवू नका. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, गट नंबर लिहा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.