अश्वशक्ती, वॉट आणि टन : शक्तीच्या एककांचा मेळ

कुळागराला पाणी देणाऱ्या पंपावर ‘५ एचपी’ असे कोरलेले असते, खोलीतील वातानुकूलन यंत्र ‘दीड टनाचे’ असते, इन्व्हर्टर ‘९०० व्हीए’चा असतो आणि वीजबिलावर मंजूर भार किलोवॉटमध्ये छापलेला असतो. ही सारी शक्तीचीच मापे आहेत. काम किती झाले हे शक्ती सांगत नाही. ते किती झपाट्याने झाले, हे सांगते.

आज जगन्मान्य असलेले एकक वॉट होय. एका सेकंदात एक ज्यूल ऊर्जा खर्च झाली की एक वॉट. शंभर ग्रॅमची वस्तू एका सेकंदात एक मीटर उचलण्यास जवळजवळ इतकीच शक्ती लागते. हजार वॉट म्हणजे एक किलोवॉट.

ज्या जेम्स वॉट यांचे नाव या एककाला मिळाले, त्यांनी स्वतः मात्र घोड्याचे माप वापरले. आपले वाफेचे इंजिन किती घोड्यांचे काम करील, हे गिऱ्हाइकाला पटवून देणे त्यांना भाग होते. मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती, असे त्यांनी ठरविले. सामान्य घोड्याला दिवसभर हे झेपणारे नव्हे. पण माप रूढ झाले ते झालेच. ही ब्रिटिश अश्वशक्ती ७४५.७ वॉटची. युरोपात मेट्रिक अश्वशक्ती आली. ७५ किलोग्रॅम वजन सेकंदाला एक मीटर उचलणारी ही अश्वशक्ती ७३५.५ वॉटची आहे. मोटारींच्या माहितीपत्रकात ‘पीएस’ आणि ‘बीएचपी’ असे दोन शब्द दिसतात ते यामुळेच. १०० पीएस म्हणजे ९८.६ बीएचपी.

‘टन’ हा शब्द बर्फाच्या व्यवसायातून आला. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळण्यास जितकी उष्णता लागते, तितकी उष्णता त्याच वेळात शोषून घेण्याची क्षमता म्हणजे एक टन. तासाला १२,००० बीटीयू किंवा ३.५१७ किलोवॉट असेही हेच माप सांगता येते.

निव्वळ गुणाकार-भागाकाराने येथे भागत नाही, कारण प्रत्येक पाटीवरचा आकडा वेगळ्या ठिकाणची शक्ती सांगतो. दीड टनाचे यंत्र सुमारे ५.३ किलोवॉट उष्णता खोलीबाहेर टाकते, परंतु वीज साधारण दीड किलोवॉटच घेते. उष्णता ते निर्माण करीत नाही, केवळ हलविते. पंपाचे नेमके उलट. पाच अश्वशक्ती, म्हणजे ३.७३ किलोवॉट, ही मोटरीच्या शाफ्टवर मिळणारी शक्ती आहे. मोटरीची कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास तारेतून ४.६६ किलोवॉट ओढले जातात, आणि मंजूर भार ठरविताना ही तफावत विसरणे महागात पडते. व्हीएमध्ये व्होल्ट व अँपिअर यांचा नुसता गुणाकार असतो. पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरकडून ७२० वॉटच मिळतात.

राहिला वीजबिलातील ‘युनिट’. ते शक्तीचे माप नाही. एक किलोवॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट, म्हणजे ३६ लाख ज्यूल ऊर्जा खर्च होते. वरचाच पंप रोज तीन तास चालविला, तर मीटरवर दररोज सुमारे चौदा युनिटे पडतील.