'इत्यादी'चा रकाना

लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पतिसंग्रहात, आणि युरोपातल्या इतर काही संग्रहांतही, कोकणातून गेलेल्या वाळक्या वनस्पतींचे असे अनेक ताव आहेत, ज्यांच्यावर एकाच साच्याची छापील चिठ्ठी डकवलेली आहे. माथ्यावर जोसेफ हूकर आणि टॉमस टॉमसन यांच्या भारतीय संग्रहाचे लॅटिन नाव. मध्ये हाताने लिहिलेले वनस्पतीचे नाव. त्याखाली स्थळ : 'मलबार, कोंकण, इ.' आणि संग्राहक : 'स्टॉक्स, लॉ, इ.' गाव नाही, घाट नाही, तारीख नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ही चिठ्ठी छापली गेली तेव्हा ती वाचताना कोणी अडखळले असेल असे वाटत नाही. आज मात्र याच तावाची नोंद संगणकावरच्या विदागारात करायला बसलेला माणूस त्या दोन 'इत्यादीं'पाशी थांबतो. विदागार रकान्यांचे बनलेले असते आणि प्रत्येक रकाना एक उत्तर मागतो : कोणी, कोठे, केव्हा. चिठ्ठी या तिन्ही प्रश्नांना बगल देते. तिला हलगर्जी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण हूकर हलगर्जी माणूस नव्हता. ती चिठ्ठी वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहिलेली आहे, आणि तो प्रश्न कोणता हे कळल्याशिवाय विदागार उभारणाऱ्याला तिचे भाषांतर करता येणार नाही. हा मुळात पाठचिकित्सेचा प्रश्न आहे. म्हणून साहित्याच्या अभ्यासकांपुढे तो मांडावासा वाटतो.

वनस्पती दाबून, वाळवून कागदावर चिकटवण्याची पद्धत सोळाव्या शतकातली. इटलीत पिसा येथे शिकवणाऱ्या लूका गिनीकडे तिचे जनकत्व दिले जाते. आरंभी हे ताव पुस्तकासारखे बांधले जात. लिनियसने बांधणी नाकारली. त्याने ताव सुटे ठेवले आणि त्यांच्यासाठी खणांचे कपाट करून घेतले. सुटा ताव एका खणातून दुसऱ्यात हलवता येतो, नवा ताव मध्ये सारता येतो, वर्गीकरण बदलले तर क्रम बदलता येतो. पुढे संगणकाच्या विदागाराने जे केले त्याचे बीज या कपाटात आहे, असे म्हणायला हरकत नाही. पण लिनियसच्या तावांवर वनस्पती कोठे आणि केव्हा सापडली याची नोंद बहुधा नसते. कारण त्याच्या लेखी तो ताव एका *जातीचा* प्रतिनिधी होता. ती जात कशी ओळखावी हे त्यावरून समजले की तावाचे काम झाले. तो कोणत्या सकाळी कोणत्या ओढ्याकाठी खुडला गेला ही हकिकत जातीच्या दृष्टीने अवांतर होती.

आजच्या विदागारातला मूळ घटक याच्या नेमका उलट आहे. तेथे एक नोंद म्हणजे एक *घटना* : अमुक व्यक्तीने, अमुक दिवशी, अमुक जागी ही वनस्पती खुडली. जातीचे नाव हे त्या घटनेवरचे मत आहे आणि ते बदलू शकते. घटना बदलत नाही. जातीकडून घटनेकडे झालेला हा प्रवास हीच माझ्या मते हर्बेरियमच्या इतिहासातली खरी उलथापालथ. संगणक हे तिचे शेवटचे प्रकरण.

या प्रवासातले सर्वांत बोधक दफ्तर ईस्ट इंडिया कंपनीचे आहे. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचा अधीक्षक नॅथॅनिएल वॉलिक १८२८ मध्ये कंपनीचा प्रचंड संग्रह घेऊन लंडनला पोचला आणि तो लावून त्याच्या जास्तीच्या प्रती युरोपभर वाटू लागला. त्यासाठी त्याने केलेली क्रमांकवार यादी शिळाछापावर छापली गेली. ती १८२८ ते १८४९ या काळात तुकड्यातुकड्यांनी निघाली आणि नऊ हजारांवर क्रमांकांपर्यंत गेली. विदागाराची पूर्वज म्हणून ही यादी दाखवण्याचा मोह होतो, आणि तेथेच फसगत होते. आजचा संग्राहक क्रमांक देतो तो एका खुडणीला. वॉलिकचा क्रमांक आहे एका जातीला. एकाच क्रमांकाखाली नेपाळ, सिल्हेट आणि दक्षिण द्वीपकल्प अशा दूरदूरच्या ठिकाणचे नमुने नांदतात. त्यांचा भेद फार तर अ, ब, क अशा उपअक्षरांनी केलेला. शिवाय या यादीत हाइने, वाइट, रॉक्सबर्ग अशा इतरांचे संग्रहही सामावलेले आहेत. वाटप होताना उपअक्षर गळाले आणि क्रमांक तेवढा उरला, असे पुष्कळ तावांचे झाले. आता एखाद्या विदागारात संग्राहकाच्या रकान्यात 'वॉलिक' आणि क्रमांकाच्या रकान्यात यादीचा क्रमांक भरला, तर नोंद निर्दोष दिसते. आणि बिचारा वॉलिक ज्या डोंगरावर कधी पाऊल ठेवले नाही तेथे फुले खुडताना सापडतो.

हूकर आणि टॉमसन यांची चिठ्ठी याच परंपरेतली. स्टॉक्स हा मुंबई इलाख्यातला वैद्यकीय अधिकारी, लॉ हा मुलकी अधिकारी. स्टॉक्स १८५४ मध्ये वारला. त्यांचे आणि त्यांच्यासारख्या इतरांचे संग्रह क्यूला एकत्र झाले, जातीनुसार लावले गेले आणि एकाच छापील चिठ्ठीखाली वाटले गेले. हूकरला हवे होते ते एवढेच की ही जात द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर आढळते. १८७२ ते १८९७ या काळात सात खंडांत निघालेल्या त्याच्या ब्रिटिश भारताच्या वनस्पतिकोशाला तेवढे पुरेसे होते. 'इ.' म्हणजे त्या हिशेबात 'आणि याच पट्ट्यात अन्यत्र'. ते अज्ञान म्हणून लिहिलेले नाही, सामान्यीकरण म्हणून लिहिलेले आहे.

थिओडोर कुक याने मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केला, तोवर अपेक्षा बदलू लागली होती. कुक जातीखाली प्रदेश देतो, संग्राहकाचे नाव देतो आणि नावापुढे उद्गारचिन्ह टाकतो. वनस्पतिशास्त्राच्या संकेतानुसार त्या चिन्हाचा अर्थ 'हा नमुना मी स्वतः पाहिला आहे'. विरामचिन्हाला साक्षीदाराचे काम देणारी अशी दुसरी शैली माझ्या पाहण्यात नाही.

आता विदागाराकडे. वनस्पतिसंग्रहांनी आपसांत विदा कशी देवघेव करावी याचे नियम ऑस्ट्रेलियातील हर्बेरियमांनी १९८९ मध्ये ग्रथित केले. २००१ मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र दाखवणारी 'जीबिफ' ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था स्थापन झाली. २००९ मध्ये 'डार्विन कोअर' या नावाची रकान्यांची यादी अधिकृत प्रमाण ठरली. नीरस वाटणाऱ्या या यादीत एक गोष्ट मात्र फार शहाणपणाची आहे. स्थळासाठी तिच्यात दोन वेगळे रकाने आहेत : एक चिठ्ठीवर जसे आहे तसे, अक्षरशः, दुसरा आज आपण लावलेला अर्थ. संहिता आणि टीका वेगळी ठेवण्याचा हा नियम आपल्याला अपरिचित नाही. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करताना एकनाथांनी पुढच्यांना आपली ओवी त्यात घुसडू नये असे बजावले, त्यामागची काळजी हीच होती. पहिला रकाना रिकामा ठेवून थेट दुसरा भरणारे विदागार म्हणजे मूळ पोथी फेकून देऊन केवळ संपादकाची प्रत जपणे.

आणि संपादक चुकतोच. महाबळेश्वरहून पारकडे उतरणाऱ्या रडतोंडी घाटाला त्या काळचे इंग्रज 'रोटुंडा घाट' म्हणत. 'रोटुंडा' म्हणजे गोल घुमटाची इमारत. मराठी न जाणणारा, नकाशा समोर घेऊन बसलेला नोंदकार सह्याद्रीत घुमट शोधत बसेल. आणि एखाद्याने सदिच्छेने 'गोलाकार वास्तूजवळ' असा अर्थ दुसऱ्या रकान्यात लिहिला, तर पहिल्या रकान्यावाचून पुढच्या कोणालाही रडतोंडीपर्यंत परत येता येणार नाही. जुन्नरजवळच्या हिवऱ्याला जुन्या लिखाणात 'ह्यूरा' असे काहीतरी वाचता येईल अशा स्पेलिंगने लिहिलेले आहे. तेथे सरकारी वनस्पतिबाग होती हे ठाऊक असणारा ते चटकन ओळखतो. येथे उपयोगी पडते ते स्थानिक इतिहासाचे आणि भाषेचे ज्ञान. संगणकाचे यातले काम थोडे.

अक्षांश-रेखांशाचा प्रश्न याहून नाजूक आहे. नकाशावर दाखवायचे तर बिंदू हवा. 'मलबार, कोंकण, इ.' याचा बिंदू कोणता? पट्ट्याचा मध्य काढला तर तो एखाद्या भातखाचरात पडेल आणि नोंद सांगेल की दुर्मीळ वनस्पती या खाचरात आढळली. २००४ मध्ये मांडल्या गेलेल्या बिंदू-त्रिज्या पद्धतीने यावर प्रामाणिक तोड काढली : बिंदूबरोबर अनिश्चिततेची त्रिज्याही लिहायची. आपल्या चिठ्ठीच्या बाबतीत ही त्रिज्या शेकडो किलोमीटरांची येईल, म्हणजे 'इ.' या एका अक्षराला आकड्याचे रूप मिळेल. दुर्दैवाने त्रिज्येचा रकाना ऐच्छिक असल्यासारखा वागवला जातो. देशाच्या, जिल्ह्याच्या किंवा खुद्द हर्बेरियमच्या इमारतीच्या बिंदूवर जमा झालेल्या खोट्या नोंदी हुडकून वगळण्यासाठी पुढे स्वतंत्र संगणक-साधने तयार करावी लागली, यावरून रोगाचा प्रसार ध्यानात यावा.

हा केवळ काटेकोरपणाचा हट्ट नाही. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर वाढणारी, शास्त्रीय नावात कोकणच धारण करणारी *डिपकॅडी कोंकणेन्से* ही वनस्पती घ्या. पावसाच्या तोंडावर पांढरी फुले येतात. एरवी कंद जमिनीत आणि सडा ओसाड. सरकारदरबारी अशा जमिनीची नोंद पडीक म्हणून होते. उद्या तेथे प्रकल्प यायचा झाला, तर 'येथे काही होते का?' हा प्रश्न विदागारालाच विचारला जाणार. अर्धवट विदागार 'नोंद नाही' असे सांगेल आणि त्याचा अर्थ 'वनस्पती नाही' असा लावला जाईल. बिंदू चुकीच्या सड्यावर ठेवलेला असेल तर वाचेल तो चुकीचा सडा.

नावाच्या रकान्याचीही अशीच कथा आहे. एका तावावर नामनिश्चितीच्या चिठ्ठ्या एकीशेजारी एक चिकटवलेल्या असतात, प्रत्येक पिढीतल्या अभ्यासकाची वेगळी. जुनी चिठ्ठी काढायची नाही हा दंडक. विदागारानेही हा थर जपायला हवा, एका नावावर दुसरे लिहून मोकळे होता कामा नये. आफ्रिकेतील आलेवर्गीय *आफ्रामोमम* या प्रजातीचे सुमारे ४,५०० नमुने तपासले तेव्हा, २०१४ मध्ये तिच्यावरचा सांगोपांग प्रबंध पूर्ण होण्याआधी, त्यांपैकी किमान ५८ टक्के नमुन्यांवरचे नाव चुकीचे होते. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे आजची नावे तेवढी भरलेले विदागार उद्याच जुने होते. नावांचा इतिहास भरलेले टिकते.

येथे कोणी विचारेल की मूळ ताव असताना एवढी यातायात कशाला? १ मार्च १९४३ च्या रात्री बर्लिन-डालेमच्या हर्बेरियमवर बॉम्ब पडले आणि संग्रहाचा फार मोठा भाग जळाला. ज्यांच्यावरून जातींना प्रथम नावे दिली गेली होती असे असंख्य मूळ नमुने त्यात गेले. त्यांतल्या दक्षिण अमेरिकेच्या अनेक वनस्पती आज आपल्याला दिसतात त्या शिकागोहून आलेल्या मॅकब्राइड नावाच्या वनस्पतिज्ञाने १९२९ पासून तेथे बसून काढलेल्या छायाचित्रांत. ताव गेले, प्रतिमा राहिल्या. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने २०२२ मध्ये आपले आभासी हर्बेरियम लोकांसाठी खुले केले तेव्हा त्यात सुमारे एक लाख नमुन्यांच्या प्रतिमा होत्या. ज्या वनस्पतींचे मूळ नमुने क्यूला किंवा एडिनबर्गला आहेत त्यांच्यासाठी तर पुण्या-मुंबईच्या अभ्यासकाला प्रतिमेवाचून जवळचा मार्ग नाही.

राहिला दुसरा 'इ.' : 'स्टॉक्स, लॉ, इ.' या 'इ.'मध्ये काही गोरे अधिकारी असणार, ज्यांची नावे कोशांच्या प्रस्तावनांत मिळतात. पण डोंगर चढून फांदी आणणारा, कागद बदलून नमुने वाळवणारा, झाडाचे स्थानिक नाव सांगणारा माणूस? वॉलिकच्या यादीत निदान दोन अक्षरी खुणा आहेत : सिल्हेटच्या नमुन्यांपुढे फ्रान्सिस डि सिल्व्हाची, तव्हॉयच्या नमुन्यांपुढे विल्यम गोमेझची. मद्रासकडे वाइटसाठी चित्रे काढणाऱ्या रंगय्या आणि गोविंदू यांची नावे उरली. आमच्याकडे मात्र, अलेक्झांडर गिब्सनच्या देखरेखीखाली पुण्याजवळच्या दापोडीच्या बागेत जी सुंदर वनस्पतिचित्रे काढली गेली आणि जी आज एडिनबर्गला आहेत, त्यांच्या चित्रकाराचे नावसुद्धा कोणी नोंदवले नाही.

अलीकडे संग्राहकांना ओळखक्रमांक देऊन त्यांच्या नोंदी परस्परांशी जोडण्याचे काम सुरू झाले आहे. त्यामुळे स्टॉक्सचे सगळे ताव एका ठिकाणी पाहता येतील, ही मोठीच सोय. ओळखक्रमांक मिळण्यासाठी आधी नाव लागते, एवढी त्याची अट. रकान्यात फक्त 'स्टॉक्स; लॉ' असे नीटनेटके भरले की शोध सुरळीत चालतो, आणि नोंदकारांना बहुधा तसेच शिकवले जाते. माझे मत असे की अक्षरशः रकान्यात ते 'इ.' स्वल्पविरामासकट उतरवावे, अर्थाच्या रकान्यात 'स्टॉक्स, लॉ, अन्य, अनामिक' असे लिहावे, तारखेच्या रकान्यात एक वर्ष ठोकून न देता, स्टॉक्सच्या खुडणीपुरती १८५४ ही उत्तरमर्यादा टिपणीत द्यावी, आणि त्रिज्येचा आकडा कितीही ओंगळ दिसला तरी पुरा लिहावा. शोधयंत्र 'अन्य, अनामिक' पाशी अडखळेल, दरवेळी अडखळेल.